चांदरचें एक घर

गेल्या मार्गशीर्षांत गोमंतकांत गेलों असतां सासष्टींतील चांदर गांवीं ब्रागांझा घराण्याचें घर पाहण्याचा योग आला. कदंबांची एके काळची राजधानी चंद्रपूर ती हीच. घर दोन शाखांत विभागलेलें आहे. प्रवेशद्वार मात्र एकच. पश्चिमेकडील भागांत पत्रकार लुईश दि मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा ग्रंथसंग्रह आहे.

पण आम्ही गेलों होतों तें मनांत निराळीच तक्रार घेऊन. दिवाणखाना पांढराफेक करावा आणि वडिलांची शिसवी लेखनपेटी, आईच्या हातची रंगीबेरंगी गोधडी, तंजावरी चित्र हीं सारीं माळ्यावर टाकावीं, असा चिरंजीवांचा आग्रह होता. एकाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं, हें त्यांचें कारण.

येथें पाहावें तों पायांखालीं इटलीचा संगमरवर, डोक्यावर बेल्जियमचीं काचेचीं झुंबरें, कपाटांत चिनी मातीचीं भांडीं आणि भोंवतीं कोरीव शिसवी खुर्च्या. घाट पाश्चात्त्य, पण त्यावर आपल्याकडील वेलबुट्टी बिनदिक्कत चढलेली! उंच खिडक्यांच्या रांगेंतून येणारा उजेड सर्वांवर सारखा पडतो, आणि वस्तूंमध्यें मोकळी जागा भरपूर आहे. म्हणूनच एवढे रंग एकमेकांशीं भांडत नाहींत, असें आम्हांस वाटलें. आमच्या दिवाणखान्यांत जागा कोठून आणावी, हा प्रश्न आहेच.

चिरंजीव एका खुर्चीपाशीं बराच वेळ उभे होते. लेखनपेटीस रोगण कोण चढवून देईल, एवढेंच त्यांनीं परतीच्या वाटेवर विचारलें. गोधडीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.