नटाचा मित्र सांगतो तेव्हा

नामवंत नटाच्या मित्राच्या आठवणी टिपायला बसलं, की सुरुवातीच्या बैठका बहुतेक वाया जातात. समोरचा माणूस वर्तमानपत्रात येऊन गेलेलंच सांगतो. कुठल्या प्रवेशाला वन्समोअर मिळाला, कोणता पुरस्कार कोणाच्या हस्ते घेतला, वगैरे. बालगंधर्वांविषयी बोलणारा प्रत्येक जण हटकून १२ मार्च १९११ला पोचतो : ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग, घरी मुलगी गेलेली आणि हे तोंडाला रंग लावून उभे. प्रसंग मोठाच आहे, पण तो सांगायला मित्र कशाला हवा? तरी मी मध्ये तोडत नाही. पाठ असलेलं सगळं एकदा बाहेर पडू द्यावं लागतं. ते संपलं, की माणूस जरा गोंधळतो, चहा मागवतो आणि मग बोलायला लागतो.

वाशीमला राहून मी शब्दांकनाची कामं करते. आजवर बहुतेक निवृत्त शिक्षक, सहकारातले कार्यकर्ते, एखादे कीर्तनकार. नटाच्या मित्राचं काम पहिल्यांदाच आलं. कारंज्याचे एक गुरुजी. त्यांचा मित्र आधी रंगभूमीवरचा आणि पुढे सिनेमातलाही लोकांचा लाडका नट. पुस्तक निघेपर्यंत दोघांचीही नावं बाहेर काढायची नाहीत असा गुरुजींचा शब्द आहे, तो मी पाळते.

मराठीत या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत. चिंतामणराव कोल्हटकरांनी दीनानाथ मंगेशकरांबरोबर १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांच्या ‘बहुरूपी’ला १९५८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मित्र आणि भागीदार एकच असला म्हणजे आठवणीत हिशेबाची वहीही येते, आणि यायलाच हवी. वसंत शांताराम देसाईंनी बालगंधर्वांसाठी ‘अमृतसिद्धी’ लिहिलं आणि १९५९ साली ‘बालगंधर्व : व्यक्ती आणि कला’. तेव्हा बालगंधर्व हयात होते. ज्याच्यावर लिहायचं तो उद्या वाचणार आहे, हे ठाऊक असताना लिहिणं सोपं नसतं.

पण हे दोघे स्वतः लिहिते होते. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने उतरवायचं, यात माझ्यापुढे नमुना अरुण साधूंचा. हंसा वाडकर बोलल्या, साधूंनी लिहिलं. १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ पुस्तकरूपाने आलं. साधू त्यात शोधूनही सापडत नाहीत. दादा कोंडक्यांचं ‘एकटा जीव’ अनिता पाध्यांनी असंच शब्दांत उतरवलं. तिथे मात्र बोलणारा माणूसच नट होता, स्वतःकडे नजर वळवून घ्यायची त्याला सवय. मित्राचं उलटं असतं. तो स्वतःला पडद्यामागे ठेवतो. “माह्यं काय लिहिता? त्याचं लिहा,” हे गुरुजींचं पालुपद. त्यांचं ऐकलं असतं, तर पुस्तकात एक मोठा नट आणि त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची एवढंच उरलं असतं. म्हणून मी नटाबद्दल विचारणंच सोडलं. तुम्ही तेव्हा कुठे राहत होतात, पगार किती होता, तो आला की झोपायचा कुठे, त्याच्या तिकिटाचे पैसे कोण द्यायचं? अशा प्रश्नांवर मित्र नटाला विसरतो आणि नट आपोआप खोलीत येऊन बसतो. “जेवाले बसला का भाकरीचा आधी काठ काठ खाय, मधली ताटात तशीच ठेवे,” हे मला त्यातूनच मिळालं. कुठल्याही मुलाखतीत ते नाही.

हे वाक्य मी वऱ्हाडीतच ठेवलं आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि कोणाच्या तोंडचं आलं की जसंच्या तसं, असं आमचं ठरलं. सगळंच वऱ्हाडीत घेतलं तर वाचणारा गंमत म्हणून वाचतो, आपल्याकडच्या बोलीला विनोदाच्या स्टेजवर फार दिवस उभं केलंय.

तारखांची गोष्ट निराळी. आठवण खोटं बोलत नाही, पण दोन मुक्काम एकात शिवून टाकते. गुरुजी सांगत होते, आणीबाणी लागली त्या पावसाळ्यात तो आमच्या वावरात, सोयाबीनमध्ये उभा राहून संवाद म्हणायचा. मी थांबले. १९७५ साली कारंज्याकडे सोयाबीन कुठलं? तेव्हा पऱ्हाटी आणि ज्वारी. सोयाबीन पसरलं ते पुढच्या दशकात. एक तर साल चुकलं होतं, नाही तर पीक. नटाची पोस्टकार्डं गुरुजींनी बिस्किटाच्या डब्यात जपलेली. तारीख घालायची त्या गृहस्थांना सवय नव्हती, पण पोस्टाचा शिक्का असतो. भिंग घेऊन बसलो. ‘मूर्तिजापूरला उतरतो, तिथून शकुंतला गाडीने येतो,’ अशा अर्थाच्या एका कार्डावर १९८९चा शिक्का निघाला. आणीबाणीतला मुक्काम वेगळा, संवादांचा वेगळा. आणखी एक सुधारणा सारखी करावी लागते : जुन्या प्रसंगात ‘वाशीम जिल्हा’ आला की खोडायचा. १ जुलै १९९८च्या आधी हे सगळं अकोल्यात होतं.

ती कार्डं छापायची म्हटलं तर कायदा आडवा येतो, आणि हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा फक्त कागद. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. फोटोंचंही तसंच, अल्बम आपला म्हणून फोटो आपला होत नाही. त्यामुळे नटाच्या मुलीला लेखी परवानगी मागणं आलं. बाकी छपाईचं फार सांगण्यासारखं नाही. आयएसबीएन फुकट मिळतो, अक्षरजुळणी अकोल्याला होईल, प्रती थोड्याच काढायच्या. मोठ्या शहरातल्या एका प्रकाशकाने हस्तलिखित पाहून विचारलं, यात गुरुजी कमी आणि नट जास्त करता येईल का? मी पुडकं परत मागवलं.

खरी गाठ वेगळीच होती. पोस्टकार्डांत काही वर्षांची मोकळी जागा होती. गुरुजींना विचारलं की ते म्हणायचे, कामात होता. सांगितलं ते त्यांच्या पत्नीने, काकूंनी, भाजी निवडता निवडता, गुरुजींसमोरच. गुरुजींनी हौसेने मित्राच्या नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट शो घेतला होता. मंडप उभा राहिला, तिकिटं खपली आणि नट आलाच नाही. दाराशी उभं राहून गुरुजींनी लोकांचे पैसे परत केले. मंडपवाल्याचे द्यायला काकूंची पाटली मोडली. “आन् हे म्हनतात कामात होता!” काकू म्हणाल्या. गुरुजी रेकॉर्डर बंद करा म्हणाले. मी केला.

ते प्रकरण हवंच, असं माझं मत. ते गाळलं तर पुढचा समेट कशाचा? गुरुजी बरेच दिवस नाही म्हणत राहिले. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा, आणि तो चुकीचा नव्हता. शेवटी त्यांनीच तोड काढली. परवानगीसाठी मुलीला फोन करायचाच आहे, तर ते प्रकरण तिला आधी वाचून दाखवू. तिने मान्य केलं तर छापू.

मी फोनवर वाचलं. पलीकडून मध्ये काही आवाज आला नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, ही गोष्ट आमच्या घरीही ठाऊक आहे, पण बाबांच्या सांगण्यात प्रयोग गुरुजींनी रद्द केला होता, तार करून. गुरुजींनी मान हलवली. आपण तार केलीच नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, तिच्या बापाचंही लिवा. नटाचं म्हणणं तळटीपेत घेऊ, असं मी सुचवलं. गुरुजींना ते पटलं नाही. तळटीप कोणी वाचत नाही, मजकुरातच घ्या, म्हणाले. आता एकाच पानावर दोन्ही आहे, आधी नटाचं, मग गुरुजींचं. पाटलीची ओळ काकूंनी स्वतः तपासून दिली.