काळं रान आणि फोर बाय फोर : काही टिपणे

तीन गाड्या
नांदेड-लातुरात मोठ्या गाडीचा विषय निघाला की बोलणं फिरून तीन नावांवर येतं: महिंद्राची थार रॉक्स, टोयोटाची फॉर्च्युनर आणि लँड रोव्हरची डिफेंडर 110. रॉक्सची फोर बाय फोर वीस लाखांच्या आगेमागे मिळते, फॉर्च्युनरची चाळीसच्या आसपास. डिफेंडर रस्त्यावर उतरेपर्यंत कोटीच्या पुढे जाते. शोरूमच्या किमतीवर थांबू नका. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर वीस लाखांपुढची डिझेल गाडी घेतली तर रस्ता कर 15 टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के. त्यावर विमा आणि टायर.

आपला वापर कसा
वर्षातले बहुतेक दिवस गाडी गावातच फिरते. मुलांना ट्यूशनला सोडायचं, मोंढ्यात जायचं, दवाखाना, लग्नकार्य. महिन्यातून काही वेळा लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग 361, आणि आठवड्याला एकदा शेत. जाहिरातीतली नदी आणि बर्फ आपल्या वाट्याला नाही. आपली खरी परीक्षा डांबर संपल्यावर शेतापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत होते. गाडी त्या दोन किलोमीटरांवर आणि गावातल्या रोजच्या फेरीवर पारखावी, असं माझं ठाम मत आहे.

काळी माती
या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात रानाला हातभर भेगा पडतात आणि जुलैत तेच रान पाय धरून ठेवतं.

चाकाजवळ वाकून पाहिलं की सगळं कळतं. पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, थोडं आत गेलं की टायरच्या खाचा चिखलानं भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. आणखी पुढे गेलं की चिखल, गवत आणि तुरीची धसकटं मिळून चाकावरच्या पोकळीत घट्ट थर बसतो. चाक त्याला घासायला लागतं. मग इंजिनाची ताकद चारी चाकांना मिळाली तरी चारही चाकं जागच्या जागी फिरतात.

अशा वेळी लो रेंज, म्हणजे जास्त ताकदीचा संथ गिअर, टाकून, हलक्या पण सलग वेगानं, स्टिअरिंग सरळ ठेवून निघायचं. थोडा तरी वेग असला की खाचांतला चिखल फेकला जातो. थांबून पुन्हा निघायला गेलं की गाडी आणखी खाली बसते. सगळ्यांत चांगला सल्ला मात्र शेतावरचा गडी देतो: "गाडी इथंच लावा, मालक. वापसा नाही अजून." वापसा म्हणजे माती पुरेशी सुकणं. त्याचं ऐकावं.

टायर
विकत घेताना मी सगळ्यांत आधी टायरची बाजू वाचतो. 265/60 R18 लिहिलं असेल तर रुंदी 265 मिलिमीटर आणि रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर तिच्या 60 टक्के, म्हणजे 159. फॉर्च्युनरचं हे माप. रॉक्सला 255/65 R18 असेल तर हीच उंची सुमारे 166 येते, 255/60 R19 ला 153. मुरमाच्या रस्त्यावर, खड्ड्याच्या कडेवर आणि न रंगवलेल्या गतिरोधकावर हे रबरच रिमला वाचवतं. मोठं रिम दिसायला छान. आपल्या रस्त्यांना लहान रिम आणि जाड टायर. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, तेही बघा.

चारी चाकं कधी
रॉक्स आणि फॉर्च्युनर एरवी मागच्या दोन चाकांवर चालतात. चारी चाकांना ताकद देणारं फोर हाय आणि फोर लो आपण टाकायचं, आणि ते कोरड्या डांबरावर टाकायचं नाही. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो, त्याचा ताण गिअरवर येतो. डिफेंडरची चारी चाकं कायम चालती असतात, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शिअल मध्ये आहे. माहूरच्या घाटात पहिला पाऊस पडला की रस्ता कुठे ओला, कुठे कोरडा असतो. तिथे डिफेंडरचा हा फायदा खरा आहे.

रॉक्सच्या फोर बाय फोर प्रकारांत मागचा डिफरन्शिअल लॉक मिळतो. चरात एक चाक अधांतरी लटकलं तर सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडे जाऊन वाया जाते. लॉकमुळे जमिनीवरचं चाक ओढतं. शेताच्या बांधावर हे फार उपयोगी. मात्र पेट्रोल रॉक्सला फोर बाय फोर मिळत नाही, डिझेलच घ्यावी लागते.

रुंदी
फॉर्च्युनर 1,855 मिलिमीटर रुंद, रॉक्स 1,870, डिफेंडर जवळजवळ दोन मीटर. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. संध्याकाळी तिथे हातगाडे, ऑटो आणि दुचाकींमधून दोन मीटरची गाडी काढणं जिवावर येतं. पांदणीतही दोन्हीकडची बाभूळ रंग ओरबाडते.

दार आणि पायरी
रॉक्स आणि डिफेंडरची स्टेपनी मागच्या दारावर. दार बाजूला उघडतं, मागे जागा मोकळी लागते. भिंतीला लावून उभी केली तर खताचं पोतं आत जात नाही. फॉर्च्युनरचं दार वर उघडतं, पण तिसरी रांग दुमडल्यावर दोन्ही खिडक्यांना चिकटून बसते आणि जागा खाते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत नेऊनच गाडी बघा. आईनं नऊवारीत एक पाय पायरीवर ठेवला, हात वरच्या दांडीला गेला, आणि दुसरा पाय न अडखळता आत आला, तर ती घरची गाडी.

धुराची जाळी
बीएस-6 डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन तापून काही वेळ सलग धावावं लागतं. रोज घर ते ट्यूशन एवढीच फेरी असेल तर जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. लातूरकरांनी आठवड्यातून एकदा औशाकडे, नांदेडकरांनी लोह्याकडे चांगल्या वेगानं जाऊन यावं. तेही होणार नसेल तर डिझेलचा हट्ट सोडावा.

दुरुस्ती
महिंद्राचं काम करणारा मेकॅनिक तालुक्याला मिळतो. 1947 पासून या कंपनीनं विलीज जीप जोडायला घेतली. पुढे आपल्याकडे कमांडर जीपनं उदगीर, मुखेड, किनवटच्या वाटांवर माणसं वाहिली, त्यामुळे हातांना सवय आहे. डिफेंडरला काही झालं तर लांबचं मोठं शहर गाठावं लागतं. एक सेन्सर बिघडला तरी गाडी ट्रकवर चढते.

भटकंती
सहस्रकुंडचा धबधबा, माहूरगड, वडवळ नागनाथ बेट, हत्तीबेट, खरोशाची लेणी: सगळीकडे रस्त्यानं जाता येतं. उंच गाडीमुळे मुक्कामाचं सामान नेणं आणि खराब रस्ता सोपा होतो, एवढाच तिचा उपयोग. पैनगंगा अभयारण्यात वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. कंधारच्या किल्ल्यात पायीच फिरावं.

पारख
माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा आधी खूर बघतो, दात बघतो, चालवून बघतो, मग किंमत विचारतो. गाडीही तशीच घ्यावी. शोरूमच्या गुळगुळीत चकरेवर समाधान मानू नका. रात्री, उसाच्या ट्रॉल्या चालू असतात तेव्हा दिवे आणि ब्रेक बघा. खराब रस्त्यावर मागच्या सीटवर स्वतः बसा. रॉक्स तिथे हादरे देते, फॉर्च्युनरही कडक आहे, डिफेंडर सर्वांत सुखाची.

निकाल
शेत खरोखर पांदणीच्या टोकाला असेल तर डिझेल रॉक्स फोर बाय फोर घ्या. भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीचे पाच तारे तिला आहेत, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर येतात. सात माणसं आणि लांबचा प्रवास असेल तर फॉर्च्युनर. घरात दुसरी गाडी असेल आणि दुरुस्तीच्या लांबच्या फेऱ्या परवडत असतील तरच डिफेंडर.

पाणी
गाडी कोणतीही घेतली तरी एक गोष्ट शेवटी सांगायची राहते. कंपन्या सांगतात: रॉक्स 650 मिलिमीटर पाण्यातून जाते, फॉर्च्युनर 700, डिफेंडर 900. हे आकडे थांबलेल्या पाण्याचे, खाली टणक जमीन असतानाचे आहेत. वाहतं पाणी दोन फुटांवर आलं की मोठी गाडीही उचलली जाते आणि फरशी पुलावरून बाजूला ढकलली जाते. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीत गावं पाण्याखाली गेली, लष्कर बोलवावं लागलं. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही लाखांची असो, मागे वळवा आणि मागून येणाऱ्यांनाही थांबवा.