कुकरच्या शिट्टीसकट

डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये गाणं रेकॉर्ड करायची बेस्ट वेळ कुठली? रात्री साडेबारा. त्याआधी वरच्या मजल्यावरच्या सीरियल्स, सोसायटीच्या पंपाची घरघर आणि शेजारच्या काकूंचा मिक्सर यातलं काही ना काही चालूच असतं. साडेबारानंतर मात्र सगळं चिडीचूप. दादा स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा, माइकभोवती आजीची गोधडी गुंडाळायचा आणि मला म्हणायचा, ‘‘चल, गा. पण हळू हं!’’

हळू, कारण दाराच्या पलीकडे हॉलमध्ये बाबा झोपलेले असायचे आणि त्यांना पहाटेची लोकल गाठायची असायची. त्यामुळे आमची सगळी गाणी कुजबुजल्यासारखी झाली. स्टाइल वगैरे काही नाही हो, निव्वळ नाइलाज!

ही गोष्ट २०१६ सालची. दादा चोवीसचा, मी एकोणीसची. शब्द त्याचे, चाली त्याच्या, आवाज माझा. आठ गाण्यांचा अल्बम करायचा असं आम्ही ठरवलं होतं. चार झाली. मग ती घेऊन आम्ही एका स्टुडिओत गेलो. तिथल्या गृहस्थांनी दीड गाणं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘आवाजाला दमच नाहीये. फार घरगुती वाटतंय.’’ परतीच्या लोकलमध्ये मी दादाला सांगून टाकलं, ‘‘मला नाही जमणार रे.’’ वर मास कॉमच्या असाइनमेंट्सचं कारण जोडलं. तो काहीच बोलला नाही. त्या आठवड्यात माइक खोक्यात गेला आणि खोकं माळ्यावर.

कट टू २०१९. माझा पहिलावहिला जॉब. लोकलमध्ये मैत्रिणीने एक इयरफोन माझ्या कानात खुपसला. ‘‘ऐक. अमेरिकेतली पोरगी आहे, सतरा वर्षांची.’’ आधी ऐकू आली ती दातांवरचे प्लॅस्टिकचे अलाइनर काढल्याची चळक-चळक आणि पाठोपाठ दोघांचं खिदळणं. मग तो आवाज. अगदी कानाशी, दबका, शेजारी कुणीतरी झोपलंय म्हणून जपून गायल्यासारखा. मला दादरला उतरायचं होतं. परळला उतरले.

ती बिली आयलिश. २९ मार्च २०१९ ला आलेला तिचा पहिला स्टुडिओ अल्बम, ‘व्हेन वुई ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वुई गो?’ म्हणजे सगळे झोपलो की आपण जातो तरी कुठे? स्टुडिओ अल्बम म्हणायचा आपला! कारण तो झाला लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातल्या एका छोट्या घरात, तिच्या थोरल्या भावाच्या, फिनियसच्या बेडरूममध्ये. तो २१ वर्षांचा. तो टेबलाशी कॉम्प्युटर घेऊन बसणार, ही पलंगावर बसून गाणार. गाणी दोघांची मिळून.

त्या रात्री मी या दोघांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सुरुवातच किती घरगुती बघा. बिली डान्स शिकायची. तिच्या टीचरने कोरिओग्राफीसाठी एखादं गाणं मागितलं. फिनियसने स्वतःच्या बँडसाठी लिहिलेलं ‘ओशन आइज’ तिच्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये साउंडक्लाउडवर टाकून दिलं. बिली तेव्हा तेरा वर्षांची होती. ते गाणं बघता बघता पसरलं.

आणि या अल्बममध्ये काय काय आवाज आहेत माहितीये? ‘बॅड गाय’मध्ये सिडनीच्या रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलची टिकटिक आहे, बिलीने फोनवर टिपलेली. ‘बरी अ फ्रेंड’मध्ये चक्क डेंटिस्टचं ड्रिल. लोक पैसे देऊन जो गोंगाट स्टुडिओबाहेर ठेवतात, तो या दोघांनी आत बोलावला. आणि आम्ही? तिसरं गाणं एकदा घाईत रविवारी सकाळी रेकॉर्ड केलं, त्यात शेजारच्या कुकरची शिट्टी घुसली म्हणून मी दादाचं डोकं खाल्लं होतं.

‘बॅड गाय’ ऑगस्ट २०१९ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० वर पहिल्या नंबरला गेलं. जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमी सोहळ्यात बिलीने पाच पुरस्कार पटकावले. वर्षातला सर्वोत्तम अल्बम, रेकॉर्ड, गाणं आणि सर्वोत्तम नवा कलाकार, हे चारही मानाचे पुरस्कार त्यात आले. एकाच रात्रीत हे चारही मिळवणारं तिच्याआधी एकच नाव होतं, १९८१ मधला ख्रिस्तोफर क्रॉस. स्टेजवर फिनियस म्हणाला, हे आज आपापल्या बेडरूममध्ये गाणी करणाऱ्या सगळ्या मुलांसाठी.

आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभी राहून मी ती क्लिप पाहिली आणि दादाला फॉरवर्ड केली. खाली लिहिलं, ‘बघ, आपलं बरोबर होतं! तो स्टुडिओवाला मूर्ख होता.’ ब्लू टिक लगेच आली. रात्री उशिरा एक अंगठा आला. बस्स.

आता खरं सांगायचं तर बेडरूमची ही गोष्ट ऐकायला गोड असली, तरी निव्वळ बेडरूमने काही होत नाही. बिलीचे आईवडील दोघंही अभिनय आणि संगीतातले. मुलं शाळेत न जाता घरीच शिकली. आई गाणी लिहायला शिकवायची. अल्बमच्या बऱ्याच आधी मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करारही झाला होता. ही सगळी शिदोरी डोंबिवलीत कुठून आणायची?

पण एक गोष्ट वाचून मी थबकले होते. त्या घरात बेडरूम दोनच. त्या मुलांना दिलेल्या. आईवडील झोपायचे हॉलमध्ये!

म्हणजे हॉलमध्ये झोपणारे बाबा आमच्याकडेही होतेच की. पहाटे उठायचं असूनही दार लावून चाललेल्या आमच्या उद्योगांबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. गोधडी आजीने दिली होती, रात्रीचा चहा आई थर्मासमध्ये भरून ठेवायची. मग आमचं अडलं कुठे? माझं उत्तर कायम तयार होतं, ‘तो स्टुडिओवाला!’

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बदलापूरला दादाकडे गेले होते. तो आता आयटी कंपनीत आहे, दोन वर्षांची लेक आहे. जेवणं झाल्यावर गप्पांत पुन्हा बिलीचा विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, ‘‘त्या माणसाने आपली वाट लावली रे!’’

दादा सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘त्याच्यामुळे नाही थांबलो मी. असे दहा जण नाही म्हणतील हे मला माहीत होतं. गाणारी गेली, म्हणून थांबलो.’’

वहिनी उठून आत गेली. मला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं मी त्या अनोळखी माणसाच्या नावाने बोटं मोडत होते आणि दादाने एका शब्दाने मला जाणवू दिलं नव्हतं. फिनियसचं कौतुक जगाने केलं, ठीकच आहे. पण ती पलंगावर बसून गात राहिली, पुन्हा पुन्हा टेक देत राहिली, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

‘‘सॉरी दादा,’’ एवढंच म्हणाले.

‘‘सॉरी काय त्यात? एकोणीसची होतीस,’’ तो म्हणाला. मग लॅपटॉप घेऊन आला. फोल्डर अजून होता. चारही गाणी ऐकली. आवाजाला दम नाही हे खरंच आहे. पण तिसऱ्या गाण्यात, नेमकी माझी ओळ संपते तिथे ती कुकरची शिट्टी वाजते आणि मागून आईचा आवाज येतो, ‘‘अगं, चहा घेताय ना?’’ आई जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही ती जागा पाच वेळा ऐकली.

आता दर दुसऱ्या शनिवारी मी बदलापूरला जाते. खोकं माळ्यावरून खाली आलंय, गोधडी तीच आहे. पाचव्या गाण्याचं पहिलं कडवं झालं. पुढे कुठे टाकायचं, कुणाला ऐकवायचं, काहीही ठरलेलं नाही. शिट्टी कट करायची नाही, एवढंच ठरलंय.

आणि हो, अजूनही हळूच गावं लागतं. हॉलमध्ये भाची झोपलेली असते.