पावलांचा हिशेब

मनुष्य घराबाहेर पडूं लागला, कीं घरांतील कोणीतरी त्याला हटकावयाचेंच, हा आपल्या कुटुंबांतील फार जुना रिवाज आहे. त्यांतले शिष्टाचारही ठरलेले. निघणाऱ्याला 'कोठें?' म्हणून विचारूं नये, 'कोणीकडे?' म्हणावें. निघणाऱ्यानेंही 'जातों' असें म्हणूं नये, 'येतों' म्हणावें. या साध्या प्रश्नोत्तरांत एक मोठी सोय होती. विचारणारा विचारी, आणि सांगणारा आपल्याला योग्य वाटेल तेवढेंच सांगे. 'जरा पेठेंत जाऊन येतों' एवढ्यावर घराचें समाधान होई. आणि पेठेंत गेलेला गृहस्थ तेथून मित्राच्या ओसरीवर पत्ते कुटावयास गेला, तर त्याची नोंद चित्रगुप्ताखेरीज दुसऱ्या कोणाच्या दप्तरीं होत नसे.

आतां चित्रगुप्ताचें हें काम खिशांतला फोन करूं लागला आहे. मनुष्य कोणत्या क्षणीं कोठें होता, किती वेळ थांबला, कोणत्या वाटेनें परतला, हें सारें तो मुकाट्यानें टिपून ठेवूं शकतो. ही टिपणी चांगली कीं वाईट, असा प्रश्न आम्हांला पुष्कळदां विचारण्यांत येतो. आमच्या मतें प्रश्नच थोडा चुकीचा आहे. टिपणी कोणाच्या हातीं राहते, हा खरा प्रश्न होय.

अशा नोंदीचें सामर्थ्य आमच्या बुलढाणा जिल्ह्याला चांगलें कळलें, तें एका वाघामुळें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं फेब्रुवारी २०१९ मध्यें एक पट्टा बांधला. जून महिन्यांत तो वाघ जन्मस्थान सोडून निघाला. तेलंगणांत शिरला, परत फिरला, आणि शेतें, नद्या, महामार्ग ओलांडीत १३०० किलोमीटरांहून अधिक चालून डिसेंबर २०१९ च्या सुमारास आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत, म्हणजे बुलढाणा आणि खामगांव यांच्यामधील डोंगरांत, येऊन पोहोंचला. तासातासाला त्याचें ठिकाण टिपलें जात होतें. अशीं पांच हजारांहून अधिक ठिकाणें जमलीं, आणि एकंदर चाल सुमारें तीन हजार किलोमीटरांची भरली. एप्रिल २०२० मध्यें पट्टा उतरविण्यांत आला. वाघाची वाट अभयारण्याच्या कुंपणापाशीं संपत नाहीं, ती माणसांच्या शेतांतूनही जाते, हें त्या ठिपक्यांनीं सर्वांना दाखवून दिलें. शास्त्राच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ. वाघाला मात्र कोणी विचारलें नव्हतें, आणि विचारण्याची सोयही नव्हती.

खिशांतील यंत्राला आपला ठावठिकाणा कळतो कसा, याविषयीं सुशिक्षितांतही बराच गैरसमज आढळतो. आकाशांतून कोणी आपल्याला पाहत असतें, अशी पुष्कळांची समजूत. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात, आणि 'माझ्या घड्याळांत आतां किती वाजले व मी कोठें आहें' एवढेंच अखंड सांगत असतात. निदान चार उपग्रहांचें बोलणें ऐकूं आलें, कीं तें पोहोंचण्यास लागलेल्या वेळावरून फोन आपलें स्थान गणितानें काढतो. उपग्रह बोलतो आणि फोन ऐकतो. फोन उपग्रहाला कांहींच कळवीत नाहीं. देवळांतील घंटा ऐकून कोणी वेळ ओळखली, तर घंटेला त्याची काय खबर? २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीं असलेल्या या संकेतांत बुद्ध्याच कांहीं चूक मिसळीत असे. ती त्या दिवशीं काढून टाकण्यांत आली, आणि तेव्हांपासून साध्या यंत्रालाही कांहीं मीटरांपर्यंत नेमकेपणा साधूं लागला. ज्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली करीत असतां ज्योतिर्गणितांतही लक्ष घातलें, त्यांच्या जिल्ह्यांतील वाचकांना हा गणिताचा खेळ अगदींच परका वाटूं नये.

तेव्हां स्थान काढण्यांत धोका नाहीं. काढलेलें स्थान पुढें कोठें जातें, यांत तो आहे. आमच्या तुमच्या नेहमींच्या फोनांत हें स्थान नकाशे दाखविणाऱ्या, जिन्नस विकणाऱ्या आणि जाहिराती करणाऱ्या अनेक कंपन्यांच्या दूरच्या कोठारांत जाऊं शकतें, आणि तें किती गेलें हें सामान्य मनुष्याला सहसा कळत नाहीं.

या ठिकाणीं लिनक्सचा संबंध येतो. १९९१ सालीं लिनुस टोरवाल्ड्स नांवाच्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें एक संगणक-प्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठीं खुला केला, तो लिनक्स. बाजारांतील बहुतेक अँड्रॉइड फोनही याच पायावर उभे आहेत. परंतु पाया तोच असला, तरी वरचें घर आणि घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या असतात. उलट, ज्यांना लिनक्स-फोन म्हणतात त्यांत वरचे मजलेही बहुतेक खुले असतात, आणि किल्ल्या धन्याच्या कनवटीला राहतात. पाइनफोन नांवाच्या अशा एका फोनाचें झाकण काढलें, तर आंत सहा बारीक कळा दिसतात. त्यांपैकीं एक फिरविली, कीं मोबाइलचें संपर्कयंत्र आणि त्याच्याच पोटांतील उपग्रह-ग्राहक या दोहोंचीही वीज तुटते.

आमची पुतणी खामगांवच्या महाविद्यालयांत शिकते आणि दर आठवड्यास, कधीं बसनें तर कधीं मैत्रिणीच्या स्कूटरवरून, घाट चढून बुलढाण्यास घरीं येते. तिनें गेल्या वर्षीं असाच एक लिनक्सवर चालणारा फोन मिळविला, आणि त्यांत आपल्या वाटांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. नोंद म्हणजे एक साधी फाइल. तिचा नमुना २००२ सालीं ठरला. त्याला जीपीएक्स म्हणतात. ती उघडली तर अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ अशा ओळींमागून ओळी दिसतात. बुलढाण्याचा आरंभ २०.५३ आणि ७६.१८ या आंकड्यांनीं होतो. अक्षांशाच्या दशांशचिन्हापुढील चौथा आंकडा एकानें बदलला, तर मनुष्य सुमारें ११ मीटर सरकला असें समजावें. वहीखात्यासारखी ही फाइल कोणालाही वाचतां येते, आणि ती फोनाबाहेर जाते ती धन्यानें पाठविली तरच.

या स्वातंत्र्याची किंमत थोड्या गैरसोयीनें द्यावी लागते. उपग्रह आपलें पंचांग स्वतःच प्रसृत करीत असतात, आणि तें सबंध वाचण्यास १२॥ मिनिटें लागतात. नेहमींचा फोन असली माहिती इंटरनेटवरून चटकन मागवून घेतो. लिनक्स-फोनाला पुष्कळदां ती आकाशांतूनच मिळवावी लागते, म्हणून निघण्यापूर्वीं त्याला अंगणांत उघड्यावर धरून कांहीं मिनिटें उभें राहणें आलें. दुसरें असें, कीं वीज वांचविण्यासाठीं फोन झोंपीं गेला, तर नोंदही झोंपीं जाते. एका संध्याकाळीं पुतणीची रेघ घाटाच्या पायथ्याशीं तुटली आणि माथ्यावर पुन्हां सुरू झाली. मधलें अंतर नकाशानें सरळ रेषेनें सांधून टाकलें, आणि मुलगी घाट उडून आल्याचें चित्र तयार झालें. त्या दिवसापासून प्रवासांत फोनाला जागें ठेवणें आणि दुसरी बॅटरी जवळ बाळगणें, हे दोन नियम तिनें पाळले आहेत.

घरांत वाद झाला तो वेगळ्याच कारणानें. आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, त्यांचें म्हणणें असें, कीं रस्ता बोथा घाटांतल्या जंगलाचा आणि वेळ तिन्हीसांजेची. तेव्हां मुलीनें चारचौघींसारखा फोन घ्यावा, म्हणजे ती कोठपर्यंत आली हें घरांतील सर्वांना आपापल्या फोनांत घटकेघटकेला दिसत राहील. दादांच्या काळजींत खोटें कांहींच नव्हतें. ज्यांच्या घरची मुलगी दिवेलागणीनंतर रस्त्यावर आहे, त्यांना ती काळजी समजावून सांगावी लागत नाहीं.

पुतणी शांतपणें म्हणाली, "बाबा, वाघाला विचारण्याची सोय नव्हती, म्हणून त्याला पट्टा बांधला. मला तुम्ही विचारूं शकतां, आणि मी उत्तर देतें. निघतांना सांगेन, पोहोंचल्यावर सांगेन, उशीर होणार असेल तर आधीं सांगेन. वाटेची नोंद मी ठेवतेंच आहे. पाहावीशी वाटली तर मागा."

यावर वहिनींनीं अनपेक्षित दिशेनें तोफ डागली. त्यांनीं दादांचाच फोन मागून घेतला. त्यांतील एका मोठ्या कंपनीच्या नकाशांत गेल्या तीन वर्षांची टिपणी सुव्यवस्थित लावून ठेवलेली निघाली. सायंकाळीं मधुमेहावरील उपाय म्हणून फिरावयास जाणारे दादा आठवड्यांतून चार वेळां बसस्थानकाजवळच्या भज्यांच्या गाडीपाशीं वीस वीस मिनिटें स्थिर असल्याचें तींत तारीखवार नमूद होतें. वहिनींनीं तें मोठ्यानें वाचून दाखविलें. घरांत जें हंसूं उसळलें त्यांत दादाही सामील झाले, परंतु रात्रीं ओसरीवर बसले असतां ते आम्हांला हळूच म्हणाले, "भज्यांचें कांहीं नाहीं रे. पण हें इतकीं वर्षें कोणीतरी लिहीत होतें आणि मला पत्ता नव्हता, याचें वाईट वाटतें." वाद तेथेंच मिटला, असें आम्ही समजतों.

ही केवळ एका घरची गोष्ट नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें एकमतानें असा निर्णय दिला, कीं खाजगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढें ८ जुलै २०२४ रोजीं त्याच न्यायालयानें असें ठरविलें, कीं जामिनावर सुटलेल्या आरोपीनेंही आपलें नकाशावरील ठिकाण पोलिसांना सतत दाखवीत राहावें, अशी अट घालतां येणार नाहीं. ज्याच्यावर खटला चालू आहे, त्याच्यापाशीं जर एवढी मर्यादा पाळावयाची, तर ज्या लेकीसुनांवर कसलाही आरोप नाहीं, त्यांच्या बाबतींत आपण किती पाळावी, हें सूज्ञांस सांगणें नलगे. आमच्या पाहण्यांत अशीं घरें आहेत, जेथें सुनेच्या फोनावर नजर असते आणि मुलाच्या नसते. त्याला काळजी हें नांव देण्यास आमची लेखणी धजत नाहीं.

आमच्या मातुःश्री या वादांत एकच वाक्य बोलल्या. "पूर्वीं 'सुखरूप पोहोंचलों' असें कार्ड येई, तें जाणाराच लिहीत असे." लिनक्स-फोनाची थोरवी सांगण्यास याहून नेमके शब्द आम्हांला सांपडले नाहींत.

तथापि असा फोन घेतला म्हणजे मनुष्य अदृश्य झाला, असेंही कोणी समजूं नये. सिम चालू आहे तोंवर फोन कोणत्या मनोऱ्याच्या आसपास आहे, हें मोबाइल कंपनीला कळतच असतें. आणि नोंद आपल्या हातची असली, तरी ती दुसऱ्यास देतांना विचार हवा. कारण बहुतेक रेघा आपल्याच दारीं सुरू होतात व तेथेंच संपतात. स्ट्राव्हा या व्यायामाच्या कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या, नांवांशिवायच्या नकाशावरून जानेवारी २०१८ मध्यें दूरदेशचे लष्करी तळ ओळखूं आले होते. तेथील शिपाई रोज धांवत होते, आणि त्यांच्या रेघा अंधारांत उजळून दिसत होत्या. आमची पुतणी कोणालाही फाइल देण्यापूर्वीं तिचे आरंभींचे व शेवटचे दोनतीनशें मीटर छाटून टाकते. हा नियम सर्वांनींच उचलण्यासारखा आहे.

एवढी दक्षता घेतली, म्हणजे पुढें उरतो तो निर्भेळ आनंद. २००४ सालीं सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांच्या मालकीच्या नकाशाला कोणीही अशी रेघ देऊं शकतो. पाणंद, शिवरस्ता, नाल्यांतली उतरण, देवळामागची पायवाट, ज्या वाटांची मोठ्या नकाशांना दादही नसते, त्या चालणाराच्या पावलांनीं तेथें उमटतात. पुतणी मैत्रिणींसह लोणारास गेली, तेव्हां तिनें विवरांत उतरून तळ्याकांठची वाट टिपून आणली. उल्केच्या आघातानें झालेलें तें विवर जवळजवळ वर्तुळाकार, व्यास सुमारें १.८ किलोमीटर. रात्रीं तिनें ती रेघ पडद्यावर मोठी करून दाखविली. मातुःश्रींना आतां त्या पायऱ्या उतरवत नाहींत. त्यांनीं चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवीत धार कोणती, उतरण कोणती, लग्नाच्या वर्षीं सासूबाई कोठें बसल्या होत्या, हें एकेक सांगावयास सुरुवात केली. रेघ पुतणीची, आठवणी आजीच्या. दोहोंचा मेळ कोणी न सांगतां बसला.

येत्या आषाढीस आमच्या धाकट्या भगिनी शेगांवहून निघणाऱ्या श्रीगजाननमहाराजांच्या पालखीबरोबर पंढरपुरास जाणार आहेत. सातशें किलोमीटरांहून अधिक चाल, महिन्याभराची. त्यांनीं भाचीकडून नोंदीचें सारें तंत्र शिकून घेतलें आहे. रोज एक फाइल, मुक्कामाला पोहोंचल्यावर बॅटरी भरणें, आणि पावसांत फोनाला प्लॅस्टिकची पिशवी. दादांनीं भीतभीत विचारलें, "मधून मधून आम्हांला दिसेल ना, तूं कोठें आहेस तें?" त्यांनीं उत्तर दिलें, "रोज रात्रीं फोन करीन. वाट मात्र परत आल्यावर दाखवीन. आधीं मला एकटीला चालूं दे." घरानें तें मान्य केलें आहे.