पुराच्या आधी, पुराच्या नंतर

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पुण्याजवळचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा खालच्या खडकवासला धरणालाही पेलवला नाही आणि दुपारपर्यंत मुठा नदीचं पाणी पुण्यातल्या नारायण, शनिवार, कसबा पेठांतल्या वाड्यांत शिरलं.

पाणी ओसरलं, गाळ उपसला गेला. लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वस्त्यांत पूरग्रस्तांचे संसार नव्याने उभे राहिले. तरी जुने पुणेकर आजही काळाचे दोनच भाग करतात: पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर. कुणाच्या घरात त्याआधीचा एकही फोटो नसतो, कुणाच्या आजीची पैठणी गेलेली असते. हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो.

पूर्वी वाटायचं, विसरलं की माणूस सुटतो. आता तसं वाटत नाही. जे वाहून गेलं, त्याची आठवण हाच त्याचा उरलेला पत्ता आहे. ती पुसली तर गेलेली माणसं दुसऱ्यांदा जातील आणि पुढच्या धरणाच्या भिंतीकडे कुणी काळजीने बघणार नाही. काही गोष्टी पुसल्या जात नाहीत, कारण त्या पुसल्या जाऊ नयेत. आपण त्या ऐकून घ्याव्यात, लिहून ठेवाव्यात आणि मुलांना सांगाव्यात.