अर्धं मशीन भिंतीवर

हीट पंपाचं कोटेशन द्यायला आलेल्या पहिल्या माणसाने बैठकीच्या खोलीत उभं राहून नजर फिरवली, घर किती चौरस फूट आहे ते विचारलं आणि आकडा सांगून मोकळा झाला. टेप काढली नाही, खिडक्यांच्या काचा एकेरी की दुहेरी ते पाहिलं नाही, पोटमाळ्यावर तर चढलाच नाही. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "असली माणसं सोलापुरातही आहेत. दहा बाय बाराची खोली म्हटलं की एक टन."

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात त्यांचं फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं, आर-12 आणि आर-22 गॅसच्या जमान्यापासूनचं. आम्ही राहतो अमेरिकेत, मॅसेच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात. घर शंभरएक वर्षांचं, लाकडी सांगाड्याचं. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर, त्याच्या शेजारी 275 गॅलनची टाकी आणि खोल्याखोल्यांत बिडाचे जुने रेडिएटर. इकडे आईवडील येतात ते उन्हाळ्यात. थंडीत कोण येतो मरायला, असा साधा हिशेब असतो. अण्णा मात्र हट्टाने नोव्हेंबरात आले. त्यांना 'उलटा चालणारा एसी' बसताना बघायचा होता.

उलटा हा शब्द बरोबरच आहे. एसी घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरची उचलून घरात आणतो. शून्याखालच्या हवेतही उष्णता असते. नळीतला गॅस त्या हवेहून थंड ठेवला की ती आपोआप गॅसमध्ये शिरते आणि कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून तापवतो. गॅसची वाट उलटवायला चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह असतो, बस्स. दिल्लीकडे विकले जाणारे 'हॉट अँड कोल्ड' एसी अण्णांना ठाऊक होते, पण इथल्या थंडीत ते चालतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. 4 फेब्रुवारी 2023च्या पहाटे बोस्टनमध्ये पारा उणे 23 अंशांवर गेला होता, हे मीच त्यांना सांगून बसले होते. कडक थंडीसाठी बनवलेली यंत्रं तेवढ्यातही चालतात, फक्त तेव्हा विजेच्या एका युनिटमागे मिळणारी उष्णता बरीच घटते. म्हणून बॉयलर आम्ही काढला नाही.

काम मिळालं ते दुसऱ्या माणसाला. त्याने खोलीखोलीचं माप घेतलं, भिंतीत काय भरलंय ते तपासलं आणि बैठकीला बारा हजार बीटीयू, म्हणजे एक टन, पुरेल असं लिहून दिलं. पहिल्याने दोन टन सांगितले होते. मोठं मशीन बरं असं वाटतं खरं, पण गरजेहून मोठं मशीन सारखं चालू-बंद होत राहतं.

इनडोअर युनिट कुठे लावायचं यावर घरात वाद झाला. मला ते सोफ्यासमोरच्या आतल्या भिंतीवर हवं होतं. तो माणूस म्हणाला, लावतो; पण आतल्या भिंतीवरून पाणी उताराने बाहेर जाणार नाही, छोटा पंप बसवावा लागेल आणि तो उन्हाळाभर कुरकुरेल. मी पुढे काही बोलायच्या आत अण्णांनी बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं.

ही भिंत वेगळंच प्रकरण निघाली. आत उभे लाकडी खांब, त्यांवर आडव्या पट्ट्या आणि त्यांवर शंभर वर्षांचं प्लास्टर. खांब शोधायचं यंत्र अशा भिंतीवर सगळीकडेच पीं करतं. बसवायला आलेल्यांपैकी मोठ्या कारागिराने खिशातून लोहचुंबक काढून भिंतीवर फिरवला. पट्ट्या खांबांवर खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, तेव्हा खिळ्यांची उभी ओळ जिथे सापडते तिथे खांब. त्या ओळींवर त्याने पाठीमागची पत्र्याची प्लेट स्क्रूने घट्ट केली. मग नळ्यांसाठी तीन इंची भोक. सुरुवातीला त्याने होल-सॉ उलटा फिरवला, म्हणजे दाते पट्टीत अडकून हिसका देत नाहीत आणि प्लास्टरचा पोपडा पडत नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकवलं. सोलापूरच्या विटांच्या भिंतीत छिन्नी-हातोड्याने भोकं पाडलेले अण्णा खुर्ची ओढून पुढे येऊन बसले.

कारखान्यातून मशीन अर्धंच येतं, हे मी लहानपणापासून अण्णांच्या तोंडून ऐकत आले. उरलेलं अर्धं बसवणारा माणूस भिंतीवर बनवतो, आणि वर पांढरं झाकण बसलं की ते अर्धं कुणालाच दिसत नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समोर दिसलं. तांब्याच्या दोन नळ्या होत्या, एक दोन सुती, एक तीन सुती. इथे पाव इंच आणि तीन अष्टमांश म्हणतात. नळी कापल्यावर कडेची धार काढताना तिचं तोंड खाली धरायचं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडून थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातो. मग नट आधी ओवायचा आणि त्यानंतर नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवायचं. हाच फ्लेअर. गॅस गळतो तो बहुतेक इथूनच. त्या माणसाने पहिला फ्लेअर उजेडात फिरवून पाहिला, त्याला काय दिसलं देव जाणे, पण तो कापून टाकून त्याने दुसरा केला. त्यावर तेलाचा थेंब, मग टॉर्क पाना. दोन सुतीला 14 ते 18 न्यूटन-मीटर, तीन सुतीला त्याच्या दुपटीहून जास्त. "आम्ही हाताच्या अंदाजाने आवळायचो," अण्णा म्हणाले. जास्त आवळलं तर फ्लेअर चिरतो, कमी आवळलं तर गळतो, आणि मधला अंदाज यायला वर्षं जातात.

मग त्यांनी नळ्यांत सुमारे 500 पीएसआय दाबाने नायट्रोजन भरला, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं आणि चक्क जेवायला गेले. जेवून आले तरी काटा जागचा हलला नव्हता. नायट्रोजन सोडून त्यांनी व्हॅक्यूम पंप लावला.

इथे अण्णा गप्प झाले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पंप लावत नाहीत. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडायचा, एक नट ढिला करून फुस्स आवाज होऊ द्यायचा, हवा गेली असं समजायचं आणि नट आवळायचा. अण्णांच्या पिढीने हेच केलं. आर-22 तेवढं सोसायचाही. आताच्या गॅसबरोबरचं तेल मात्र हवेतली ओल झटकन पिऊन घेतं, ओलीने आत आम्ल तयार होतं आणि दोन-चार वर्षांत कॉम्प्रेसर जातो; मग लोक कंपनीला शिव्या देतात. 2025च्या सुरुवातीपासून अमेरिकेत आर-410ए गॅसची नवी घरगुती मशीनं बनवायला बंदी आली. आमच्या मशीनमध्ये आर-32 आहे. तो हवेत सुटला तर आर-410एच्या मानाने हवामान एक तृतीयांशच तापवतो, पण म्हणजे तरीही कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट, आणि तो थोडाफार पेटतोही. मुद्दाम हवेत सोडणं इथे गुन्हा आहे. सर्टिफिकेट नसलेल्याने गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे उभा जन्म या धंद्यात काढलेल्या अण्णांना आमच्याच घरात पाना उचलायची मुभा नव्हती. हे त्यांना झोंबलं, पण कायदा बरोबर आहे असंही त्यांनीच म्हटलं.

पंप बराच वेळ घुरघुरत राहिला. बाहेरच्या हवेचा दाब मायक्रॉनमध्ये मोजला तर 7,60,000 भरतो. त्यांना तो नळीत 500च्या खाली न्यायचा होता. इतक्या कमी दाबाला नळीतली ओल थंडीतही उकळून वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. आकडा खाली गेल्यावर पंप बंद करून ते नुसते बघत बसले. आकडा चढतच राहिला तर गळती, थोडा चढून थांबला तर ओल शिल्लक. तो जवळजवळ हललाच नाही. मग आउटडोअरचा व्हॉल्व्ह उघडला आणि आत कधीपासून कोंडलेला गॅस नळ्यांत गेला.

आवराआवर सुरू झाली तेव्हा अण्णा स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली घेऊन आले. युनिटखालच्या पन्हाळीत ओतून बघा, असं मला त्यांना सांगायला लावलं. कारण सरळ होतं. हिवाळ्यात पाणी सुटतं ते बाहेरच्या युनिटमधून. आतल्या युनिटमध्ये पाणी जमतं ते जुलैत, एसी म्हणून चालवताना. ड्रेनचा उतार चुकला असला तर ते आठ महिन्यांनी भिंत फुगल्यावर कळणार. मोठा कारागीर हसला, झाकण उघडून त्याने सगळी बाटली रिकामी केली आणि हाताखालच्या पोराला बाहेर पिटाळलं. बाहेर धार नीट पडत होती.

पहिल्या दिवशी मात्र आमची निराशाच झाली. रेडिएटरला हात लावला की चटका बसायचा. या युनिटची हवा हाताला जेमतेम कोमट लागते. ते दिवसभर मंद चालत राहतं आणि खोली हळूहळू तापते. बंद-चालू करत बसायचं नसतं, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पुढे एका पहाटे पंखा अचानक थांबला आणि बाहेरच्या युनिटमधून वाफेचा लोट उठला, तेव्हा मी अण्णांना हाका मारत उठवलं. बाहेरच्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळवायला मशीन पाचएक मिनिटं स्वतःच उलटं चालतं, तेवढंच ते होतं. अण्णा कूस बदलून झोपले.

सोलापूरचं दुकान आता त्यांचा जुना हाताखालचा मुलगा चालवतो. त्याला फोन लावून अण्णांनी व्हॅक्यूम पंप घेच म्हणून पाऊण तास व्याख्यान दिलं. स्पीकर चालू होता. तो अदबीने म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडं एका भिंतीला अख्खा दिवस घालवतेत. मला एप्रिलात दिवसाला सहा घरं करावी लागतेत. गिऱ्हाईक म्हणतंय तासाभरात गार हवा पाहिजे. पंपाचा वेळ कोण भरून देणार?" यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, कारण बसवण्याची मजुरी मशीनवर फुकट मिळावी असं मानणारी गिऱ्हाइकं आपणच आहोत.

"बरं, निदान ड्रेनमध्ये बाटलीभर पाणी तरी ओतून बघत जा," अण्णा म्हणाले.

"ओततो की," तो म्हणाला. "पण अण्णा, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय. गिऱ्हाइकाकडं बाटलीभर मागितलं तर आधी विचारतेत, कशाला पाहिजे?"