कातळावरचे पटांगण

रत्नागिरी शहर जिथे संपले असे म्हणावे, तिथेच मिरजोळे सुरू होते. आणि औद्योगिक वसाहतीची छपरे, नव्या सदनिका व वाढती रहदारी यांमुळे हे गाव दप्तरी ग्रामपंचायतीचे असले तरी वागणुकीने केव्हाच नागर झाले आहे. अशा गावातील प्राथमिक शाळेच्या पटांगणात झाडे लावण्याचा विचार मनात आला, की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो वृक्ष नव्हे, कातळ. मूळ खडकातले जे जे विरघळण्याजोगे ते ते लक्षावधी वर्षांच्या पर्जन्याने धुऊन नेले आणि मागे लोहाने आरक्त झालेला जो सच्छिद्र जांभा उरला, त्याचाच चिरा शाळेच्या भिंतींना लागतो आणि त्याचीच सलग लादी मुलांच्या पायांखाली पसरलेली असते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेऊनही हा दगड पाणी राखीत नाही. श्रावणात जिथे शेवाळावरून पाय घसरतो, तिथेच शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या न परतल्या तोच अनवाणी पाय टेकवत नाही.

या कातळात झाड होत नाही असे मात्र कोणी रत्नागिरीकराला सांगू नये. ज्या हापूसचे नाव सातासमुद्रापार गेले, त्याच्या कितीतरी बागा कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत दुरून आणलेली माती भरून उभ्या राहिल्या आहेत. शाळेत सुरुंगाची भाषा शोभत नाही. तिथे पहार आणि घण यांवरच भागवावे लागते, पण तीन फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा, त्यात माती, शेणखत आणि पालापाचोळा, एवढे झाले म्हणजे मूळ आपली वाट शोधते.

झाड कोणते लावावे याविषयी माझी मते काहीशी हेकट आहेत. सामाजिक वनीकरणाच्या उमेदीच्या काळात कोकणभर पसरलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ झटपट वाढते, यापलीकडे तिचे कौतुक मला करवत नाही. गुलमोहर दिसतो राजस. पण मादागास्करहून आलेल्या या पाहुण्याची ठिसूळ फांदी वादळात मोडून कोणाच्या डोक्यावर येईल याचा नेम नाही. नारळ तर मुलांच्या पटांगणात नकोच. त्याची कारणमीमांसा सांगण्याची गरज कोकणात पडू नये. पश्चिमेच्या अंगाला, जिकडून दुपारचे ऊन वर्गात शिरते, तिथे करंज असावा, कारण इतरांची सावली विरळ होते त्या ऐन वैशाखात त्याची नवी पालवी दाट झालेली असते. फाटकाशी बकुळ असावी. ती सावकाश वाढते हे खरे, पण पुढे वर्षानुवर्षे पोरी तिची फुले ओवीत बसतील. कडेला एखादा रातांबा, एखादी सुरंगी. मधली जागा मात्र मोकळीच राहिली पाहिजे. खो-खोचे मैदान गिळणारी वनराई ही मुलांवरची जबरदस्तीच होय.

तिकडे पॅरिस नगरपालिकेने 2018 च्या सुमारास शाळांची डांबरी पटांगणे उखडून त्यांत माती आणि झाडे आणण्यास आरंभ केला, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे धूळ नको म्हणून उरल्यासुरल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसविण्याची हौस बळावली. स्वच्छतेच्या नावाखाली इतकी तापदायक वस्तू दुसरी नसेल.

वृक्षारोपणाचा शिरस्ता काही आपल्याला नवा नाही. 1928 साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी त्याचा उत्सव केला; 1950 साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला; आणि 2016 पासून महाराष्ट्र शासनाने दोन, चार, तेरा व तेहेतीस कोटी अशा चढत्या उद्दिष्टांची वार्षिक मोहीम चालविली. या सगळ्या खटाटोपात शाळांचा वाटा मोठा, आणि शाळांची अडचणही तितकीच मोठी. कारण झाडाचे वर्ष आणि शाळेचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. आषाढात रोप लागते तेव्हा पाहुणे असतात, हारतुरे असतात, छायाचित्र असते आणि पाणी तर आभाळातूनच मिळते. पुढे माघ-फाल्गुनापर्यंत मुले आपल्या बाटल्यांतले उरलेले पाणी आळ्यात ओततात. मग परीक्षा होतात, निकाल लागतात, फाटकाला कुलूप पडते. आणि ज्या मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, त्याच महिन्यात त्या रोपाला विचारणारे कोणी उरत नाही. मोजदाद होते ती लावल्या दिवसाची. जूनमध्ये शाळा उघडली, की त्याच खड्ड्यात नवे रोप लागते आणि अहवालात पुन्हा एक आकडा वाढतो.

म्हणून माझी विनंती मिरजोळ्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांना आहे, आणि त्यांच्यामार्फत शेजारच्या घरांना. यंदा पन्नास रोपे लावू नका, तीनच लावा. हजेरीपटात मुलांच्या नावांखाली त्या तिघांचीही नावे लिहा. सुट्टी लागण्यापूर्वी एकेक झाड ज्याच्या विहिरीला किंवा नळाला मे महिन्यात पाणी असते अशा एकेका घराच्या हवाली करा आणि फाटकाची एक किल्ली तिथे ठेवा. दिवसाआड एक कळशी पाणी, आणि ऊन लागू नये म्हणून बुंध्याशी वाळल्या पानांचा जाड थर, इतकेच त्या घराकडे मागायचे आहे. जूनमध्ये शाळा भरेल त्या दिवशी पहिली हजेरी झाडांची घ्या. आणि वृक्षारोपणाला ज्यांना बोलावता, त्या पाहुण्यांना पुढल्या वर्षी आषाढाऐवजी मेच्या पंधरवड्यात बोलवा.